ना. म. जोशी यांचा कायदा कोल्हापूरच्या वेशीवर का थांबला?

१ जुलै १९२४ रोजी मुंबईच्या एखाद्या गिरणीत कामगाराचा उजवा हात यंत्रात सापडून कोपराच्या वर तुटला असता, तर त्याला किती रुपये मिळायला हवेत हे कायद्याचे पुस्तक उघडून सांगता येत होते. आदल्या दिवशी, ३० जूनला, ते सांगता येत नव्हते. आणि त्याच १ जुलैला तसाच हात कोल्हापूरच्या शाहू मिलमध्ये तुटला असता, तरीही ते सांगता आले नसते.

यंत्र त्याच जातीचे, कापूस तोच, जखम तीच. फरक एवढाच, की मुंबई ब्रिटिश हिंदुस्थानात होती आणि कोल्हापूर संस्थानात.

हा धागा त्या फरकाविषयी आहे, आणि तो मिटावा म्हणून आयुष्य वेचणाऱ्या एका विधिमंडळ सदस्याविषयी. त्यांचे नाव नारायण मल्हार जोशी. मुंबईत त्यांच्या नावाचा रस्ता आहे. पूर्वीचा डिलाइल रोड तो हाच. तिथून रोज जाणाऱ्यांपैकी पुष्कळांना हे जोशी नेमके कोण, असे विचारले तर उत्तर येत नाही. त्यात नवल नाही. कलमे, परिशिष्टे, दुरुस्त्या आणि समित्यांचे अहवाल यांत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांचे पोवाडे होत नाहीत.

जोशींचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, गोरेगावचा. शिक्षण पुण्यात झाले. पदवीनंतर काही वर्षे त्यांनी शिक्षकाचा पेशा केला. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. गोखल्यांची शिस्त कडक होती: आधी अभ्यास, मग भाषण, आकडा हाती नसेल तर तोंड उघडू नये. जोशींच्या पुढच्या साऱ्या कामावर या शिस्तीचा ठसा दिसतो. त्यांचे वक्तृत्व सभा हलवून सोडणारे नव्हते, पण समोरच्याला आकड्यांत अडवणारे होते.

१९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. परळ, लालबाग, डिलाइल रोड या भागात तेव्हा कोकणातून, घाटावरून आणि दक्षिण महाराष्ट्रातून आलेली माणसे एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होती. दिवसाचे बारा तास गिरणीत आणि उरलेले चाळीत. लीगने या वस्तीत रात्रशाळा काढल्या, मोफत वाचनालये उघडली आणि पेट्यांतून पुस्तके फिरवणारी फिरती ग्रंथालये चालवली. दवाखाने, सहकारी पतपेढ्या, व्यायामशाळा, कायदेशीर सल्ला, मुलांच्या सहली हेही सारे होतेच. गिरणीत काम करणाऱ्यांसाठी वस्त्रोद्योगाचे तांत्रिक वर्गही निघाले. परळचे दामोदर नाट्यगृह याच लीगचे. कोकणातून आलेल्या चाकरमान्यांची नाटके आणि नमन-खेळे त्या रंगमंचावर पिढ्यान्‌पिढ्या झाले. कामगार रंगभूमी म्हणून ज्या परंपरेचे नाव घेतले जाते, तिचे हे एक घर.

गिरणी कामगाराला आधी भाकरी हवी, पुस्तक आणि नाटक कशाला, असा प्रश्न त्या काळीही विचारला जात असे. जोशींच्या दृष्टीने हे दोन वेगळे विषय नव्हते, आणि याचे एक अगदी व्यवहारी कारण कारखाना कायद्यातच होते. कायद्याचा सारांश कारखान्याच्या मुख्य दारापाशी सर्वांना दिसेल असा लावावा, तो इंग्रजीत असावा आणि बहुसंख्य कामगारांच्या भाषेतही असावा, असे ते कलम होते. म्हणजे मुंबईच्या गिरण्यांच्या दारावर मराठीत लिहिलेला कायदा लटकत होता. कामाचे तास किती, सुट्टी केव्हा, मुलांना कामावर घेण्याचे वय काय, सारे त्यावर होते. त्याखालून रोज शेकडो माणसे आत जात आणि बाहेर येत. त्यांतल्या बहुतेकांना तो वाचता येत नव्हता.

म्हणूनच रात्रशाळेकडे केवळ दानधर्म म्हणून पाहता येत नाही. कायदा आणि कामगार यांच्यामधली ती गाळलेली पायरी होती.

आता कोल्हापूरकडे वळू, कारण इथे गोष्ट उलटी होते.

गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले होते. १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. सरकार विरुद्ध होतेच, पण काही हिंदी सभासदही विरुद्ध होते. जे काम दिल्ली-कलकत्त्याच्या सभागृहाला जमले नाही, ते पाच वर्षांनी एका संस्थानाने करून दाखवले. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. मुंबई शहरात, तेही गिरणी भागातल्या दोनच वॉर्डांत, सक्तीचे शिक्षण यायला १९२५ साल उजाडले.

आणि याच शाहू महाराजांच्या काळात, १९०६ मध्ये, कोटीतीर्थाच्या काठी कापडाची गिरणी उभी राहिली होती. कोल्हापुरात उद्योग यावा, इथल्या माणसाला इथेच काम मिळावे, हा तिच्यामागचा हेतू. शाहू मिलचा भोंगा ही पुढे शहराची एक ओळखच झाली. त्या भोंग्यावर घड्याळ लावणारी घरे होती.

म्हणजे १९२४ च्या सुमारास चित्र असे दिसते. मुंबईच्या कामगाराला कायदा होता, पण तो वाचण्यापुरते अक्षर नव्हते. कोल्हापूरच्या कामगाराच्या मुलाला अक्षर मिळू लागले होते, पण ब्रिटिश हिंदुस्थानचा कामगार कायदा त्याच्या गिरणीच्या दारापर्यंत पोहोचत नव्हता. संस्थानात काय द्यायचे, किती द्यायचे, द्यायचे की नाही, हे दरबार ठरवणार. म्हैसूर आणि बडोदे यांच्यासारख्या काही संस्थानांनी स्वतःचे कारखाना कायदे केले होते. तेही दरबारांच्या इच्छेने. दरबार दयाळू असेल तर प्रजेचे नशीब. शाहूंसारखा राजा असताना ही उणीव कदाचित फारशी जाणवलीही नसेल. पण शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी गेले. चांगल्या राजाच्या भरवशावर उभ्या असलेल्या व्यवस्थेची खरी परीक्षा त्याच्या माघारीच होते.

जोशींचे काम समजून घेताना हा मुद्दा कळीचा आहे. मर्जी आणि हक्क यांतले अंतर कमी करणे, हेच त्यांचे काम होते.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशींना पाठवले. सोबत सल्लागार म्हणून मद्रासचे बी. पी. वाडिया होते. जगासाठी आठवड्याला ४८ तासांचे माप ठरत होते. हिंदुस्थानसाठी ६० तासांची वेगळी सवलत काढली गेली. इथला कामगार सावकाश काम करतो, इथले हवामान निराळे, इथला उद्योग अजून बाल्यावस्थेत, अशी कारणे तेव्हा नेहमीच पुढे केली जात. हवामान उष्ण असेल तर कामाचे तास कमी असावेत की जास्त, हा साधा प्रश्न त्या युक्तिवादात बसत नसे. पण आधीच्या बारा तासांच्या दिवसाशी तुलना केली, तर साठ तासांचा आठवडा हीदेखील मिळकतच होती. १९२२ च्या कारखाना कायदा दुरुस्तीत तीच मर्यादा आली: दिवसाला जास्तीत जास्त अकरा तास, आठवड्याला साठ, आणि बारा वर्षांखालील मुलाला कामावर घ्यायचे नाही.

कामगारांचा प्रतिनिधी सरकारने परस्पर का नेमावा, हा आक्षेप त्या वेळी अनेकांनी घेतला, आणि तो रास्त होता. देशभरच्या कामगार संघटनांची एक मध्यवर्ती संस्था हवी, ही गरज त्यातूनही पुढे आली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरमध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली भरले. ती उभारण्यात जोशी अग्रभागी होते.

१९२१ पासून जोशी केंद्रीय विधिमंडळात बसू लागले. इथे एक विसंगती आहे. ते निवडून आलेले नव्हते. तेव्हा मताचा अधिकार मालमत्ता आणि कर यांच्यावर अवलंबून असल्याने गिरणी कामगाराला मतच नव्हते. त्यामुळे कामगारांच्या वतीने बोलायला सरकार एक सभासद नेमत असे. जोशी हे ते नामनियुक्त सभासद. ज्या सरकारने नेमले त्याच्याच विरोधात ते उभे राहत, आणि सरकार पुन्हा त्यांनाच नेमी. हे दोन तपांहून अधिक काळ चालले. उत्तरेत दिल्लीला हिवाळी आणि सिमल्याला उन्हाळी बैठका होत. परळच्या चाळीतला माणूस त्या सभागृहापासून शेकडो मैल दूर होता. जोशी हा त्याचा आवाज होता, मतदारसंघाशिवायचा.

पहिल्याच वर्षी त्यांनी ठराव आणला की कामगार संघांची नोंदणी व्हावी आणि त्यांना कायद्याचे संरक्षण मिळावे. पार्श्वभूमी मद्रासची होती. तिथल्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरण्यांच्या तंट्यात न्यायालयाने वाडियांसह संघाच्या पुढाऱ्यांना मनाई हुकूम बजावला होता. संप करा असे सांगणे म्हणजे मालकाचा करार मोडायला लावणे, असा त्याचा अर्थ निघत होता. सभागृहाने जोशींचा ठराव मान्य केला. प्रत्यक्ष ट्रेड युनियन कायदा यायला मात्र १९२६ साल लागले.

दरम्यान १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. विधेयक सरकारचे होते, जोशींचे नव्हे. हे स्पष्ट लिहिलेले बरे, कारण समाजमाध्यमांवर कोणताही कायदा एका माणसाच्या नावावर चढवण्याची घाई फार असते. सभागृहात कामगाराच्या बाजूने एकेका कलमावर झगडणारा मुख्य आवाज मात्र त्यांचा होता.

या कायद्याने नेमके काय बदलले, तेही पाहण्यासारखे आहे. त्याआधी अपघातात माणूस गेला तर वारसांना १८५५ च्या एका जुन्या कायद्याचा आधार होता. त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावायचा, वकील द्यायचा आणि चूक मालकाची होती हे सिद्ध करायचे. ज्याच्या घरातला कर्ता गेला त्या बाईने हे सारे करायचे. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच, की मालकाने दयेपोटी जे हातावर ठेवले ते घेऊन गावची वाट धरायची. नव्या कायद्याने चुकीचा प्रश्न बाजूला ठेवला. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला का, एवढेच पाहायचे. झाला असेल तर भरपाई द्यायची. मालक निष्काळजी होता की नव्हता, याच्याशी संबंध नाही. दावे चालवण्यासाठी वेगळे आयुक्त नेमायचे.

सोबत एक परिशिष्ट होते. त्यात शरीराचे भाव लावलेले होते, असेच म्हणावे लागेल. उजवा हात कोपराशी किंवा त्याच्या वर तुटला तर कमावण्याची शक्ती सत्तर टक्के गेली असे धरायचे. डावा हात तसाच तुटला तर साठ. पाय गुडघ्याशी किंवा वर गेला तर साठ. एक डोळा तीस. अंगठा पंचवीस. तर्जनी दहा. इतर कोणतेही बोट पाच.

संपूर्ण आणि कायमचे अपंगत्व आले तर बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा ३५०० रुपये, यांपैकी कमी असेल ते. मृत्यूला तीस महिन्यांचा पगार किंवा २५०० रुपये, यांपैकी कमी ते. आता महिना तीस रुपये मिळवणारा एक विणकर डोळ्यांसमोर आणावा. त्याचे बेचाळीस महिने म्हणजे १२६० रुपये. उजवा हात गेला तर त्याचे सत्तर टक्के, ८८२ रुपये. अंगठा ३१५ रुपये. तर्जनी १२६. करंगळी ६३ रुपये. आणि जीवच गेला तर ९०० रुपये. कायमच्या अपंगापेक्षा मृताची किंमत कमी, कारण मेलेल्याला जेवायचे नसते. डावखुऱ्या कामगाराला हे कोष्टक कसे वाटले असेल, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो यावाच. पण क्षणभर थांबून असेही पाहावे: त्याआधी त्या करंगळीची किंमत शून्य होती. तिरस्कार वाटावा असे हे कोष्टक इतिहासात पुढचे पाऊल ठरते, कारण आकडा एकदा लिहिला गेला की तो वाढवून मागता येतो. मर्जीला वाढ मागता येत नाही. जोशींनी पुढली वर्षे हेच केले. तात्पुरत्या दुखापतीत पहिले दहा दिवस काहीच मिळत नसे. १९३३ च्या दुरुस्तीने ते सात झाले. तीन दिवसांचा फरक आज क्षुल्लक वाटेल. रोजावर पोट असलेल्या घराला तो तसा वाटला नसावा.

सगळेच जमले नाही. १९२४ मध्ये त्यांनी बाळंतपणाच्या रजेचे आणि भत्त्याचे विधेयक केंद्रीय सभागृहात मांडले. बाळंतपणाआधी आणि नंतर काही आठवडे स्त्री कामगाराने गिरणीत येऊ नये आणि त्या काळात तिला भत्ता मिळावा, एवढीच मागणी होती. विधेयक पडले. मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने मात्र १९२९ मध्ये असा कायदा केला. तिथे त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

आंबेडकरांचा उल्लेख आला आहे तर गिरणीतली आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण कामाच्या जागेचे आरोग्य आणि समाजाची रूढी यांची इतकी घट्ट गाठ दुसरीकडे क्वचित दिसते. साच्यावर काम करणारा विणकर धोट्यातला धागा भोकातून बाहेर काढण्यासाठी तोंडाने ओढून घेई. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागत. क्षयासारखे रोग पसरायला ही सोपी वाट होती. पण या प्रथेवरून गिरणीत जो गहजब झाला तो रोगाचा नव्हता, विटाळाचा होता. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आपण कसा लावायचा, म्हणून अस्पृश्य कामगारांना साचे खात्यात घेतच नसत. आणि जास्त पगार त्याच खात्यात होता. १९२८ च्या मोठ्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि ही बंदी उठवण्याची मागणी करायला लावली. आठ वर्षांपूर्वी, मार्च १९२० मध्ये, कोल्हापूर संस्थानातल्या माणगाव परिषदेत याच तरुण आंबेडकरांची अस्पृश्यांचे पुढारी म्हणून ओळख करून देणारे शाहू महाराज होते.

१९२८ च्या त्या संपात दीड लाखाच्या आसपास कामगार सुमारे सहा महिने बाहेर होते. जोशी तेव्हा मवाळ बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियनचे अध्यक्ष. कम्युनिस्टांशी त्यांचे पटत नव्हते, तरीही संयुक्त संप समितीत ते त्यांच्याबरोबर बसले. पुढच्याच वर्षी नागपूरच्या अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेस फुटली आणि जोशी आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले. डाव्यांनी त्यांना सुधारणावादी म्हणून हिणवले. सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशनवर बसतो तो कामगारांचा कसा, असेही विचारले गेले. त्या आरोपात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. जोशींची वाट हळू होती, आणि भुकेल्या माणसाला हळू वाट दाखवणे कधीकधी क्रूर असते. पण १९४० मध्ये दुभंगलेली ट्रेड युनियन काँग्रेस पुन्हा एक झाली, तेव्हा सरचिटणीस म्हणून सर्वांना चालले ते नाव जोशींचेच होते. रस्त्यावर जिंकलेली लढाई कागदावर उतरवणारा माणूस लागतोच, हे त्यांना नावे ठेवणाऱ्यांनाही ठाऊक असावे.

ज्या रॉयल कमिशनबद्दल त्यांना बोल लावला गेला, ते १९२९ मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमले गेले आणि १९३१ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यातून १९३४ चा नवा कारखाना कायदा निघाला: बारमाही कारखान्यांत दिवसाला दहा तास, आठवड्याला ५४. हंगामी कारखान्यांना मात्र जुनेच अकरा आणि साठ ठेवले. हंगामी कशाला म्हणायचे याची यादी कायद्यात होती. त्यात कापसाचे जिनिंग होते, चहा-कॉफी होती, आणि साखरेबरोबर गुळाचेही नाव होते. कोल्हापूरच्या वाचकाने इथे थांबावे. चार महिन्यांचा हंगाम, रात्रंदिवस पेटलेले चुलवाण, उकळत्या रसाची काहील, आणि घाण्यात ऊस सारणारा हात. धोका हंगामी असला म्हणून जखम हंगामी नसते.

पण कोल्हापूरला तेव्हा हा कायदाही परकाच होता.

ही वेस ओलांडण्याचा एकच मोठा प्रयत्न झाला, तो गोलमेज परिषदेत. लंडनला १९३० पासून हिंदुस्थानच्या भावी राज्यघटनेवर खल सुरू झाला. राजे आपापल्या संस्थानांचे हक्क जपायला आले होते, पक्ष आपापल्या जागा. जोशी कामगारांच्या बाजूने गेले होते. कामगारविषयक कायदे करण्याचा अधिकार संघराज्याकडे असावा, म्हणजे संस्थानी प्रजेतला कामगारही त्यांच्या कक्षेत येईल, असा त्यांचा आग्रह होता. यामागे करुणेइतकाच व्यवहारही होता. एका बाजूला कायद्याने बांधलेला कारखाना आणि वेशीपलीकडे मोकळा कारखाना अशी स्थिती राहिली, तर भांडवल वेस ओलांडून जाणार आणि अलीकडच्या कामगाराचेही हक्क सैल होणार. आज उद्योगांसाठी राज्याराज्यांत सवलतींची जी चढाओढ चालते ती पाहिली, की ही भीती जुनी वाटत नाही.

राजांना हे रुचण्यासारखे नव्हते. १९३५ च्या कायद्यात संघराज्य आले, पण पुरेशी संस्थाने सामील होतील तेव्हाच ते अस्तित्वात येणार होते. ती कधी सामील झालीच नाहीत. कोल्हापुरात १९३९ मध्ये माधवराव बागलांच्या पुढाकाराने प्रजा परिषद उभी राहिली आणि जबाबदार राज्यपद्धतीची मागणी जोर धरू लागली. पण गिरणीच्या दारातला कायदा अजून दूर होता.

मग सारे झपाट्याने घडले. देश स्वतंत्र झाला. १९४८ मध्ये संसदेचे काम पाहणाऱ्या घटना समितीने नवा कारखाना कायदा केला. यंत्रांना कुंपण घालणे, चालू यंत्रावर स्त्रिया आणि मुले यांना सफाईचे काम न देणे, प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचे पाणी, जिथे स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात तिथे पाळणाघर, आणि आठवड्याला ४८ तास. वॉशिंग्टनला १९१९ मध्ये साऱ्या जगासाठी ठरलेले आणि हिंदुस्थानला नाकारलेले ते माप एकोणतीस वर्षांनी कायद्यात कायम झाले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. बरोबर एक महिन्याने, १ एप्रिल १९४९ रोजी, हा कारखाना कायदा अमलात आला.

त्याही कायद्यात ते जुने कलम होते: सारांश दारापाशी लावावा, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत. १९१७ मध्ये शाहूंच्या हुकमाने शाळेत गेलेले सात वर्षांचे पोर तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे झाले असेल.

जोशी त्यानंतर सहा वर्षे हयात होते. ३० मे १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

वेस मिटली, पण आकड्याची एक वेस राहिलीच. कारखाना कशाला म्हणायचे? १८८१ च्या पहिल्या कायद्यात शंभर माणसे असतील तर. १८९१ मध्ये पन्नास. १९२२ मध्ये यंत्रशक्ती असेल तर वीस. सरकारने जाहीर केले तर दहाही. १९४८ मध्ये यंत्रशक्तीवर दहा. सदुसष्ट वर्षांत शंभराचे दहा झाले, आणि त्यातला प्रत्येक टप्पा कोणाच्या ना कोणाच्या भांडणाने आला. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. आज त्या गावात चार, आठ, बारा मागांच्या शेडमध्ये काम करणारे कितीतरी जण या आकड्याच्या अलीकडे राहतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या छोट्या कारखान्यांचे आणि पन्हाळा-करवीरकडच्या अनेक गुऱ्हाळांचेही तेच. २०२० च्या सुरक्षा संहितेत दहा माणसांच्या आस्थापनेला काही तरतुदी लागू ठेवल्या आहेत. पण यंत्रशक्तीवर चालणारा ‘कारखाना’ या शब्दाच्या व्याख्येत आता दहाऐवजी पुन्हा वीस लिहिले आहे. १९२२ मध्ये होते तेवढेच.